फी न घेतलेली शिकवणी

आमच्या गल्लीतल्या घरांवरच्या पाट्या नुसत्या वाचत गेलं तरी माणूस अर्धा शिकून निघायचा. बी.ए. बी.एड., बी.एस्सी. बी.एड., एम.ए. एम.एड.; एका सरांनी तर दोनदा एम.ए. केलं होतं आणि दोन्ही वेळचं पाटीवर लिहून घेतलं होतं, त्यामुळे त्यांच्या नावाला जागा कमी पडली होती. गंगापूर रोडपासून आत, द्राक्षबागेला लागून शिक्षकांनी मिळून उभी केलेली ही सोसायटी. सकाळी एकदम सगळ्या घरांतून स्टोव्हचे आवाज, मग सायकलींच्या घंटा, आणि संध्याकाळी पाचपासून दिवेलागणीपर्यंत ओट्याओट्यावर शिकवण्या. एकीकडे इंग्रजीची क्रियापदं चाललेली, दुसरीकडे पाढे, आणि या सगळ्याच्या मधून फोडणीचा वास. वणीहून मामाने पाठवलेल्या काळ्या मसाल्याची आमटी आमच्याकडे उकळायला लागली की शेजारच्या ओट्यावरची पोरं शिंकायची आणि तिथल्या बाई आमच्या बाजूची खिडकी लोटून घ्यायच्या.

माझे वडील, नाना, शाळेत मराठी शिकवायचे. आवाज गोड, अक्षर मोत्यासारखं, आणि स्वभाव असा की कुणाचं मन दुखवायचं म्हटलं तर स्वतःलाच ताप यायचा. आई वणीजवळच्या मळ्यातली, चौथी शिकलेली. सगळ्या गल्लीत बी.एड. नसलेली ती एकटीच, आणि तिला ते रोज कुणी ना कुणी गोड शब्दांत जाणवून द्यायचं. मी त्यांची एकुलती एक. मला काय व्हायचंय हे मला कधी कुणी विचारलं नाही, कारण गल्लीतल्या मुली काय होतात ते ठरलेलंच होतं. दहावी, मग पुढचं, मग डी.एड., मग नोकरी, मग नोकरीवाला नवरा. पण मला ते मनापासून हवं होतं, ठरलेलं होतं म्हणून नव्हे. दुपारी घरात कुणी नसलं की मी कपाटाच्या दारावर खडूने धडा लिहायची आणि पाटावर ओळीने मांडलेल्या वाट्यांना कविता शिकवायची. मला मास्तरीण व्हायचं होतं. त्याच्या आड एकच गोष्ट येत होती, ती म्हणजे गणित.

नववीत मला गणितात काठावर, खरं तर काठाच्याही अलीकडून, उचलून पलीकडे ठेवलं गेलं होतं. शिक्षकाची मुलगी नापास कशी करायची, असा विचार कुणीतरी केला असणार. निकाल लागला त्या दिवशी आईने भाकरी थापता थापता विषय काढला. “पोरीला शिकवणी लावा.” नाना ‘बघू’ म्हणाले. नानांचं ‘बघू’ म्हणजे एखादी वस्तू माळ्यावर टाकून देणं.

आज हे लिहिताना मला वाटतं, साधी गोष्ट होती. मुलगी कच्ची आहे, शिकवणी लावा. पण आमच्या गल्लीत ती साधी नव्हती. आमच्यापासून तिसऱ्या घरात देवरे सर राहायचे. नामपूरकडचे, नानांच्याच शाळेत दहावीला गणित शिकवणारे. त्यांची शिकवणी एवढी गाजलेली की संध्याकाळी त्यांच्या दारात चपलांचा ढीग लागायचा आणि उशिरा निघणाऱ्याच्या पायात दुसऱ्याची चप्पल यायची. मग मला तिथे पाठवायला काय हरकत होती? हरकत अशी, की आमच्या सोसायटीत शिक्षक शिक्षकाच्या मुलाकडून फी घेत नसे. कुणी नियम केलेला नव्हता, पण तो मोडलेला कुणी पाहिलाही नव्हता. म्हणजे मला देवरे सरांकडे पाठवायचं तर फुकट पाठवावं लागणार, आणि नानांना फुकट कुणाचा चहा प्यायलाही जड जायचं. दुसरीकडे कुठे पाठवायचं तर देवरे सरांचा अपमान. तिसऱ्या घरात गणिताचा एवढा मोठा मास्तर असताना मुलगी गावभर हिंडते, म्हणजे काय? आणि पाठवायचंच नाही, तर मी नापास. नाना या तिन्ही वाटांच्या तोंडाशी जूनचा अख्खा महिना उभे राहिले.

आईने मात्र आपल्या परीने शोध लावला. भाजीवालीकडून तिला कळलं की पंचवटीत एक निवृत्त बाई घरी गणित शिकवतात, कडक आहेत, फी आधी घेतात. एका दुपारी ती कुणाला न सांगता बसने जाऊन त्यांना भेटून आली. चप्पल न काढता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहूनच सांगायला लागली. तिच्या तोंडावर असा उजेड मी फार कमी वेळा पाहिला. “बाई म्हणल्या, महिनाभर येऊ द्या. महिन्यानं मी सांगंन, पोरगी होईल का नाय ते. नाय होणार असंल तर तोंडावर सांगंन. मला ते लय आवडलं बघा.”

“आणि देवरे सरांना काय सांगायचं?” नानांनी विचारलं.

“काय सांगायचंय? आपली पोरगी, आपला पैसा.”

“अगं, त्यांना काय वाटेल?”

आई पाटावर बसली. “मी मळ्यातली बाई हाय. मला एक कळतं. रोजानं लावलेल्या बाईला म्हणता येतं, बाई गं, काकडी तोडताना वेल तुडवू नको. पाहुणी म्हणून हात लावायला आली, तर ती सगळा वेल तुडवत गेली तरी तिला वर चहा पाजावा लागतो. ज्याला पैसे दिले त्यालाच विचारता येतं.”

हे नानांना पटलं नाही, कारण ते शेतातलं उदाहरण होतं आणि विद्येला ते लागू नव्हतं. विद्येचा असा सौदा करतात का, असं काहीतरी ते म्हणाले. माझी आई आयुष्यात जेवढी शहाणी वाक्यं बोलली, त्यातलं हे सर्वांत शहाणं, आणि ते चौथी शिकलेली बाई बी.ए. बी.एड.पुढे बोलली म्हणून वाया गेलं. चार दिवसांनी दूध केंद्रावर देवरे सरच नानांना म्हणाले, “गांगुर्डे सर, मंगल दहावीला ना? मग पाठवा की संध्याकाळी. विचारायचं काय त्यात?” झालं. निर्णय असा दुधाच्या बाटल्यांच्या रांगेत झाला, आणि नाना घरी आले ते हलके होऊन.

देवरे सरांच्या पुढच्या खोलीत मुलं सतरंजीवर दाटीवाटीने बसायची. भिंतीवर काळा रंग देऊन केलेला फळा, आणि सरांच्या हातात खडूचे तुकडे. सर चिडले की नेम धरून खडू मारायचे. उत्तर चुकलं की कपाळावर, लक्ष नसलं की कानावर, आणि मग त्याच मुलाला जवळ बोलावून तेच गणित तीनदा, चारदा, त्याच्या डोक्यात उतरेपर्यंत सांगायचे. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा सतरंजीच्या कडेला बसू लागले, तर सर म्हणाले, “अगं तिथे कुठे?” आणि आतून एक लाकडी खुर्ची मागवली. देवरे काकू स्वतः खुर्ची घेऊन आल्या. “ये बेटा, आठे बस,” इथे बस असं आपल्या अहिराणीत म्हणाल्या, आणि माझ्या हातात रव्याचा लाडू ठेवला. ती खुर्ची सरांच्या शेजारी, मुलांच्या तोंडासमोर. वर्षभर मी त्या खुर्चीवर बसले. चाळीस पोरं माझ्याकडे बघत लाडवाचा वास घ्यायची, आणि मी फळ्याकडे बघत काहीही न समजता मान हलवायची.

मला एकही खडू लागला नाही. सर मला प्रश्नच विचारत नसत. वहीवर नजर फिरवून खाली सही करत, कारण वहीत सगळं बरोबरच असायचं, फळ्यावरून उतरवलेलं. अक्षर मी नानांचं घेतलं होतं. माझ्या वहीतली प्रमेयं बघून कुणालाही वाटावं की ही मुलगी पुढे गणिताचं पुस्तक लिहिणार. एकदाच, दिवाळीच्या जरा आधी, सरांनी चुकून माझं नाव घेतलं आणि मला फळ्यावर बोलावलं. वर्गसमीकरण होतं. मी पहिली ओळ लिहिली, दुसरी लिहिली, आणि तिसऱ्या ओळीत जे लिहिलं त्याला कशाचाही आधार नव्हता. सतरंजीवर कुणीतरी हसलं. मी डोळे मिटून घेतले, आता खडू येईल म्हणून. खडू आला, पण हसणाऱ्याला लागला. सरांनी आपल्या तळहाताने माझी तिसरी ओळ पुसली, तिथे बरोबर ओळ लिहिली आणि म्हणाले, “हं, हेच म्हणायचं होतं तिला. बस बेटा.” मी खुर्चीवर येऊन बसले. इतकी लाज मला नंतर नापास झाल्यावरही वाटली नाही. सरांना त्या दिवशी कळलं होतं, आणि सरांना कळलंय हे मला कळलं होतं, आणि आम्ही दोघं गप्प बसलो.

घरी नाना माझी गणिताची वही कधीच बघत नसत. मराठीचे निबंध ते ओळ न ओळ तपासत, पण गणिताच्या वहीला हात लावणं म्हणजे देवरे सरांवर देखरेख करणं. उलट त्या फुकटच्या शिकवणीची परतफेड करण्यात आमचं घर वाकून गेलं. वणीहून द्राक्षं आली की पहिली पाटी तिसऱ्या घरात. आईने कुरडया घातल्या की चांगल्या गोल निघालेल्या तिकडे, तुटक्या आम्हाला. देवरे सरांचे शाळेतले अर्ज, भाषणं, कुणाच्या निरोपसमारंभाचं मानपत्र, सगळं नाना रात्रीचं जेवण लांबवून लिहून द्यायचे. आणि दोघं दूध केंद्रावर भेटले की देवरे सर न चुकता म्हणायचे, “पोरगी हुशार आहे हो, सर.” नाना घरी येऊन ते आम्हाला जसंच्या तसं सांगायचे. आई माझ्याकडे बघायची. मी ताटाकडे बघायची.

मधेच सांगते. मागच्या महिन्यात माझ्या मुलाचा फोन आला. नात सातवीत आहे, शहरात भिंतीभिंतीवर क्लासच्या हसऱ्या पोरांचे फोटो आहेत, मोबाइलवर शिकवणारेही आहेत, काय करावं कळत नाही म्हणाला. मग म्हणाला, बायकोची एक मैत्रीण गणित छान शिकवते, ओळखीतली आहे, पैसे नको म्हणते. मी म्हटलं, तिला फी द्या, आणि घेत नसेल तर पाठवू नका. सुनेचं हसणं मला फोनमधून ऐकू आलं. “आई, ओळखीत कोण पैसे देतं?” सासूने किती बोलावं यालाही आमच्यात मर्यादा आहेत.

तर पूर्वपरीक्षा झाली. गणिताच्या पेपरात मी जेमतेम दोन पानं लिहिली होती, आणि त्यातलंही एक पान नुसत्या सुबक आकृत्यांचं होतं. पेपर तपासून हातात आला तो पास होऊन. सरांनी कुठे अर्धा, कुठे एक, आकृतीच्या नीटपणाला दोन, असं करत मला बरोबर काठावर आणून उभं केलं होतं. तो पेपर घेऊन मी घरी आले तेव्हा नाना ओट्यावर निबंध तपासत बसले होते. आत्ता नाही बोलले तर पुन्हा बोलता येणार नाही, हे मला स्वच्छ समजत होतं. मी पेपर त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाले, “नाना, मला एवढे गुण पडणारच नाहीत.”

नानांनी पेपर हातात घेतला. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि तिसरं पान कोरं आहे हे त्यांनी पाहिलं. मराठीचे असले तरी ते मास्तर होते. कोऱ्या पानाला गुण पडत नाहीत एवढं त्यांना कळत होतं. मग पेपराची घडी घालून माझ्या हातात देत म्हणाले, “सरांनी दिलेत ना? मग पडले.”

“मला तिथे काही समजत नाही, नाना.”

“हळू बोल,” ते म्हणाले. “तो माणूस वर्षभर एक पैसा न घेता शिकवतोय, आणि आपण तक्रार करायची? कुणी ऐकलं तर काय म्हणेल?”

मी आत गेले. आई दाराआड उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. पदराने माझं तोंड पुसलं आणि कढईत शेंगदाणे परतायला घेतले.

बोर्डाचा निकाल लागला. मराठीत मी शाळेत पहिली आले. गणितात पास व्हायला जेवढे लागतात त्याच्या निम्मेसुद्धा नव्हते. त्या दिवशी गल्ली फार सभ्यपणे वागली. कुणी विचारायला आलं नाही, आमच्या घरावरून जाताना सगळ्यांनी आवाज खाली घेतला, आणि पेढे वाटणाऱ्या घरांनी आमचं घर तेवढं वगळलं. संध्याकाळी देवरे सर आले. चपला काढून आत आले, नानांच्या समोर बसले आणि त्या ताठ माणसाच्या डोळ्यांना पाणी आलं. “मला दिवाळीपासून माहीत होतं, सर,” ते म्हणाले. “पोरीचा पायाच नाही. तिला पाचवीपासून धरायला हवं होतं.”

“मग सांगितलं का नाहीत?” हे आईने विचारलं, आतून, पुरुष बोलत असताना. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.

देवरे सर म्हणाले, “गांगुर्डे सरांना कसं सांगणार, वहिनी? त्यांच्या तोंडावर, तुमची मुलगी कच्ची आहे म्हणून? माझी जीभच रेटेना.”

आणि नाना काय म्हणाले असतील? नाना म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. मीही नसतं सांगितलं.” आणि आईला म्हणाले, “चहा टाक.”

ऑक्टोबरला पुन्हा बसायचं होतं. आई पहिल्यांदाच हट्टाला पेटली. दोन दिवस जेवली नाही. “आता तरी पंचवटीला घाला. मी माझ्या माहेरून आणंन फी. आता तरी.” मला तेव्हा वाटलं, आता होणार. एवढं सगळं उघड्यावर आल्यावर लपवायचं काय राहिलं? मी मनातल्या मनात बसचा रस्तासुद्धा ठरवून टाकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाना घरात येरझाऱ्या घालत म्हणाले, “आत्ता तिला दुसरीकडे घातलं, तर सगळी गल्ली काय समजेल? देवरे सरांना जमलं नाही, असं. परवा तो माणूस माझ्यासमोर रडला. त्याच्यावर असा ठपका ठेवू मी?” आई हळूच म्हणाली, “आन् पोरीवर ठेवलेला चालतो?” अडलं की नाना सदरा घालून बाहेर जायचे. ते बाहेर गेले, आणि तिसऱ्या घरात सांगून आले की मंगल सोमवारपासून परत येईल.

मी परत गेले. त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर. आता माझ्यासमोर माझ्याहून लहान पोरं बसली होती. सरांची माझ्याशी बोलायचीही हिंमत होत नव्हती. ते दुसरीकडे बघून शिकवायचे आणि काकू मला पूर्वीपेक्षा जास्त खायला द्यायच्या. ऑक्टोबरला पहिल्यापेक्षा कमी गुण पडले. नाना म्हणाले, गणित तिच्या नशिबातच नाही. त्यानंतर आईने कुणाशी वाद घातला नाही, या गोष्टीवर नाही आणि दुसऱ्या कुठल्याही गोष्टीवर नाही. वर्ष संपायच्या आत सायखेड्याचं स्थळ आलं. मुलगा शेती करणारा, निर्व्यसनी, मुलीच्या शिक्षणाची अट नाही. त्या मंडळींना मी दहावीपर्यंत शिकलेली आहे, असं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

नवरा चांगला मिळाला, हे लिहायला हवं, नाहीतर त्या माणसाला उगाच वाईट वाटायचं. पण आमच्या गावातल्या शाळेवरून जाताना आतून एका सुरात कविता ऐकू आली की मी आजही थांबते. आत शिकवणारी बाई बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी थांबते. मला ते कळतं, आणि मला त्या वर्गात पाऊल टाकायचा हक्क नाही. गेली चाळीस वर्षं ही गोष्ट मला बोचते आहे. आता ती जाईल असं वाटत नाही.

गेल्या वर्षी देवरे सर गेले. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा होती. आई नाही, पण नाना आहेत, त्याच घरात, नव्वदीला टेकलेत. त्यांना धरून मी घेऊन गेले. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. नानांना बोलायला उभं केलं. आवाज कापत होता, पण अजून गोड होता. सरांचा अभ्यास, सरांची शिस्त, सरांची निःस्पृहता. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, “ही माझी मंगल. हिला सरांनी एक रुपया न घेता शिकवलं. एकदा नाही, दोनदा.” सगळा हॉल माझ्याकडे वळून बघू लागला. कुणीतरी माइक माझ्यापुढे आणला, दोन शब्द बोला म्हणून. माझ्याकडे शब्दांची कधी कमी नव्हती. मी उभी राहिले. काकूंकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, आणि म्हणाले, “सर मला कधीही रागावले नाहीत.” लोकांनी माना डोलावल्या. काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

परत येताना नाना माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू चालत होते. आमच्या जुन्या घरासमोर आल्यावर दम घ्यायला थांबले. “बरं झालं आज तू बोललीस,” ते म्हणाले. “मला इतकी वर्षं वाटायचं, तुझ्या मनात त्या गोष्टीचं काहीतरी आहे.”

ते माझ्याकडे बघत होते. त्यांना उत्तर हवं होतं, आणि मला दिसत होतं की त्यांना कुठलं उत्तर हवं आहे.

“नाही नाना,” मी म्हणाले. “काही नाही.” मग त्यांना हाताला धरून मी पायरी चढवली.